बॅनकबर्न जिंकूनही स्कॉटलंड आज ब्रिटनमध्येच आहे, मग त्या विजयाचा उपयोग काय झाला?

तुमचा प्रश्न असा आहे: "१३१४ साली बॅनकबर्नला स्कॉट लोकांनी इंग्रजांना धूळ चारली असं वाचलं. पण आज स्कॉटलंड ब्रिटनचाच भाग आहे. मग ती लढाई निर्णायक कशी? आणि स्कॉटिश माणसाला तिचं एवढं काय?"

नोकरीच्या निमित्ताने मी साडेतीन वर्षं स्टर्लिंगला राहिलो. रणभूमी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि हाच प्रश्न मलाही पहिल्याच महिन्यात पडला होता. वाचून, तिथल्या लोकांशी बोलून आणि त्या शिवारात हिंडून जे समजलं ते सांगतो. उत्तर थोडं लांबेल.

आधी सरळ उत्तर. वेल्सकडे बघा. वेल्सचा राजपुत्र लिवेलिन १२८२ साली मारला गेला आणि इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तो मुलूख खालसा केला. सोळाव्या शतकात वेल्सचा कायदाही इंग्लंडच्या कायद्यात विरघळला. आजसुद्धा 'इंग्लंड आणि वेल्स' ही मिळून एकच न्यायव्यवस्था आहे. त्याच एडवर्डने चौदा वर्षांनी स्कॉटलंडवर हात टाकला. तो यशस्वी झाला असता तर तिथेही हेच झालं असतं. प्रत्यक्षात स्कॉटलंड इंग्लंडशी एक झाला तो १७०७ साली, आणि तेही दोन संसदांनी केलेल्या कराराने. आपला कायदा, आपली न्यायालयं आणि आपलं चर्च त्यांनी त्या करारात राखून ठेवलं. खालसा केलेल्या मुलुखाशी कोणी करार करत नाही. करार करायला समोर दुसरा पक्ष लागतो, आणि तो पक्ष शिल्लक राहिला यात बॅनकबर्नचा वाटा फार मोठा आहे.

आता मागची हकिगत, भराभर. १२८६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर एका वादळी रात्री घोड्यावरून निघाला आणि किंगहॉर्नजवळ पडून मेला. मुलं आधीच वारलेली. उरली ती नॉर्वेतली लहानगी नात, तीही १२९० मध्ये इकडे येताना वाटेतच ऑर्कनी बेटांवर गेली. गादीवर तेरा जणांनी हक्क सांगितला. निवाड्यासाठी एडवर्डला बोलावलं, तर त्याने आधी सगळ्यांकडून आपलं वर्चस्व कबूल करून घेतलं आणि मग १२९२ मध्ये जॉन बॅलियलच्या बाजूने कौल दिला. बॅलियलने पुढे फ्रान्सशी हातमिळवणी केली तेव्हा एडवर्ड १२९६ मध्ये फौज घेऊन आला, बेरिक शहर कापून काढलं आणि बॅलियलला गादीवरून खाली ओढलं. त्याच्या अंगरख्यावरचं राजचिन्ह उसवून काढलं म्हणून लोक त्याला 'रिकामा डगला' म्हणू लागले. स्कोनची राज्याभिषेकाची शिळाही एडवर्डने उचलून वेस्टमिन्स्टरला नेली.

इंग्रजांविरुद्ध उठलेला विल्यम वॉलेस बहुतेकांना ठाऊक असतो. १२९७ मध्ये त्याने आणि अँड्र्यू मरेने स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रजांना हरवलं आणि पुढच्याच वर्षी फॉल्कर्कला वॉलेस हरला. ही हार मात्र नीट लक्षात ठेवा. स्कॉट पायदळ लांब भाले रोखून गोल करून उभं राहायचं, त्या रचनेला शिल्ट्रॉन म्हणत. घोडेस्वारांना तो गोल फोडता येत नसे. पण तो जागचा हलतही नसे. फॉल्कर्कला इंग्रज तिरंदाजांनी दुरून बाण मारून त्या गोलांना भगदाडं पाडली आणि मग घोडदळ आत घुसलं.

पुढे स्कॉटलंडचा राजा झालेला रॉबर्ट ब्रूस हा काही साधुपुरुष नव्हता. एडवर्डपुढे त्याने एकापेक्षा जास्त वेळा निष्ठेची शपथ घेतली होती. त्याच्या घराण्याच्या जमिनी इंग्लंडात एसेक्सलाही होत्या. फेब्रुवारी १३०६ मध्ये डम्फ्रीसच्या चर्चमध्ये त्याने आपला प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन याला भोसकलं आणि सहा आठवड्यांत स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. जूनमध्ये मेथ्वेनला त्याची फौज उधळली गेली. वर्षभरात तीन भावांना इंग्रजांनी ठार मारलं. बायको एलिझाबेथ आणि मुलगी मार्जरी कैदेत पडल्या. बहीण मेरीला रॉक्सबरोच्या किल्ल्यावर पिंजऱ्यात ठेवलं, आणि ब्रूसच्या डोक्यावर मुकुट ठेवणाऱ्या इझाबेला या सरदारणीला बेरिकला तशाच पिंजऱ्यात. लहानपणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेली कोळ्याची गोष्ट याच काळातली म्हणून सांगतात. पुन्हा पुन्हा पडून जाळं विणणारा कोळी गुहेत बसलेल्या ब्रूसला धीर देतो, ती गोष्ट. ती लेखक वॉल्टर स्कॉटने एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय केली. ब्रूसच्या काळच्या कागदांत कोळी कुठेच नाही. मला तर वाटतं, पिंजऱ्यातल्या त्या दोन बायकांची आठवणच त्याला पुरेशी होती.

१३०७ मध्ये पहिला एडवर्ड मेला, मुलगा दुसरा एडवर्ड गादीवर आला, आणि ब्रूसने गनिमी काव्याने एकेक किल्ला घ्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी १३१४ मध्ये त्याचा सरदार जेम्स डग्लस याची माणसं काळी घोंगडी पांघरून गुरांसारखी रांगत रॉक्सबरोच्या तटाखाली पोचली आणि किल्ला घेतला. मार्चमध्ये दुसरा सरदार थॉमस रँडॉल्फ एडिनबरोच्या किल्ल्याचा कडा चढून गेला. घेतलेला किल्ला ब्रूस बहुधा पाडून टाकायचा. एवढे किल्ले राखायला त्याच्याकडे माणसं नव्हती आणि शत्रूच्या हाती तो परत जायला नको होता.

उरलं स्टर्लिंग. फोर्थ नदीवरचा पूल तिथे, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या दाराचं कुलूप तिथे. ब्रूसचा भाऊ एडवर्ड ब्रूस याने किल्ल्याला वेढा दिला होता. किल्लेदार फिलिप मोब्रे स्वतः स्कॉट, पण इंग्लंडच्या बाजूचा. दोघांत ठरलं की २४ जून १३१४ पर्यंत इंग्रज कुमक आली नाही तर किल्ला खाली करून द्यायचा. हे ऐकून ब्रूस भावावर चिडला, असं सांगतात. ते बरोबरच होतं. आठ वर्षं उघड्या मैदानातली मोठी लढाई टाळली, आणि भावाने शत्रूच्या राजाला तारीख देऊन बोलावलं!

आता ती जागा. 'बर्न' म्हणजे स्कॉट बोलीत ओढा. बॅनकबर्न हे त्या ओढ्याचं नाव. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नदीच शोधत होतो. दिसला तो आपल्याकडच्या गावओढ्याएवढा प्रवाह, पण काठ उभे आणि निसरडे. ओढा खाली फोर्थच्या दिशेने जातो तसा सपाट, पाणथळ पट्टा लागतो. त्याला तिथे 'कार्स' म्हणतात. एकदा पावसानंतर मी त्या बाजूच्या शेताच्या कडेने चालत होतो, तर काळी चिकट माती घोट्याच्या वर आली. पाय निघाला, बूट आतच राहिला. वाकून दोन्ही हातांनी बूट उपटताना डोक्यात एकच विचार होता: इथे चिलखत घातलेला माणूस, चिलखत घातलेल्या घोड्यावर!

इंग्रजांकडे दोन हजारांच्या वर घोडेस्वार आणि पंधरा हजारांच्या आसपास पायदळ असावं, स्कॉट सहा ते आठ हजार, बहुतेक पायदळ, असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. साठ वर्षांनी जॉन बार्बर या धर्मोपदेशकाने स्कॉट भाषेत ब्रूसवर दीर्घ काव्य लिहिलं. त्यात इंग्रज एक लाख आहेत. तो आकडा सोडून द्या. पण लढाईचे बारकावे त्याच्याइतके दुसऱ्या कोणी दिलेले नाहीत.

२३ जूनला इंग्रज आले. वाटेच्या कडेला ब्रूसने गुडघाभर खोल खड्डे खणून त्यांवर काटक्या आणि गवत पसरलं होतं. ब्रूस एका लहान घोड्यावर बसून रांगा लावत होता, हातात फक्त कुऱ्हाड. हेन्री द बून या तरुण इंग्रज सरदाराने त्याला ओळखलं आणि भाला रोखून भरधाव सुटला. ब्रूसने शेवटच्या क्षणी घोडा बाजूला घेतला, रिकिबीत उभा राहिला आणि एका घावात शिरस्त्राणासकट त्याचं डोकं फोडलं. राजाने असा जीव धोक्यात घालावा का, म्हणून सरदार बोलू लागले. त्याला हळहळ होती ती चांगल्या कुऱ्हाडीचा दांडा मोडल्याची, असं बार्बर लिहितो.

पण त्या दिवशीचा खरा धडा दुसरीकडे होता. क्लिफर्ड या इंग्रज सरदाराचे काही शे घोडेस्वार बगल मारून किल्ल्याकडे निघाले. रँडॉल्फच्या भालाइतांनी त्यांना अडवलं. घोडेस्वार गोलाभोवती फिरत राहिले, हाताशी आलं ते चिडून आत फेकत राहिले, पण फळी फुटली नाही. शेवटी रँडॉल्फचे लोक भाले रोखून पुढे चालत आले आणि घोडदळ मागे हटलं. शिल्ट्रॉन आता चालायला शिकला होता. त्यासाठी ब्रूसने कवायत करून घेतली होती. स्मरणदिनाच्या एका खेळात मला तसा बारा फुटी भाला हातात धरायला मिळाला. पुढचं टोक सारखं खाली ओढत होतं आणि मिनिटाभरात मनगट भरून आलं. शेजारच्या माणसाला न धडकता, पावलाला पाऊल जुळवून तो घेऊन चालायचं म्हणजे महिनोन्‌महिन्यांची मेहनत आहे.

रात्री इंग्रजांनी तळ टाकला तो ओढा ओलांडून, त्या दलदलीच्या पट्ट्यात. घोड्यांना पाणी मिळालं, पण मागे ओढा, बाजूला नदी. जूनअखेर तिथे रात्र नावापुरतीच असते. आजच्या घड्याळाने दहाला मावळलेला सूर्य साडेचारला पुन्हा हजर. हल्ल्याच्या धास्तीने कोणी झोपलं नाही, घोड्यांचे लगामही उतरवले नाहीत. त्याच रात्री अलेक्झांडर सीटन हा इंग्रजांकडचा स्कॉट सरदार गुपचूप ब्रूसकडे आला आणि सांगितलं की त्यांची हिंमत खचली आहे, लढायचं तर उद्याच. ब्रूसच्या मनात अजून माघार घेऊन डोंगरात शिरण्याचाही विचार होता. तो त्याने सोडला.

२४ तारखेच्या सकाळी स्कॉट पायदळ उतारावरून खाली येताना दिसलं. मध्येच थांबून सगळे गुडघ्यांवर बसले. दुसरा एडवर्ड म्हणाला, बघा, दया मागतायत. शेजारी इंग्राम द उम्फ्राव्हिल होता, तोही जन्माने स्कॉट. तो म्हणाला, मागतायत खरे, पण देवाकडे, तुमच्याकडे नाही. प्रसंग बार्बरच्या काव्यातला आहे, शब्दशः खरा मानायचं कारण नाही.

इंग्रजांची आघाडी कोणी सांभाळायची यावर हिअरफर्ड आणि ग्लॉस्टर या दोन सरदारांत आधीच जुंपली होती. तेवीस वर्षांचा ग्लॉस्टर घाईने पुढे घुसला आणि भाल्यांवर पडून मेला. तो ब्रूसचा साडू होता, दोघांच्या बायका अल्स्टरच्या सरदाराच्या मुली. लढाईनंतर ब्रूसने त्याचं प्रेत मानाने इंग्लंडला पाठवलं. घोडदळाला दौड घ्यायला जागाच उरली नव्हती. मागचं पायदळ नुसतं दाटीत उभं. तिरंदाज एका बगलेला जमले आणि बाण पडू लागले, तेव्हा ब्रूसचा सरदार रॉबर्ट कीथ याच्या पाचेकशे हलक्या घोडेस्वारांनी त्यांना उधळलं. फॉल्कर्कचा हिशोब इथे चुकता झाला. मग मागच्या टेकडीवरून सामान सांभाळणारे गडी, शेतकरी, हाती सापडेल ते घेऊन आलेले गरीब लोक चादरींचे झेंडे करून खाली धावत आले. इंग्रजांना वाटलं नवी फौज आली, आणि फळी मोडली. ओढा माणसांनी आणि घोड्यांनी इतका भरला की पाय न भिजवता पलीकडे जाता येत होतं, असं वर्णन आहे. त्या ओढ्याकाठी उभं राहिल्यावर ते वाक्य अतिशयोक्तीचं वाटत नाही.

एडवर्ड पळत स्टर्लिंगच्या किल्ल्यापाशी गेला. मोब्रेने सांगितलं, आत आलात तर किल्ल्याबरोबर तुम्हीही ब्रूसच्या हाती जाल. राजा तसाच डनबारला पळाला आणि होडीतून निसटला. विजयाचं काव्य लिहायला त्याने रॉबर्ट बास्टन नावाचा साधू बरोबर आणला होता. तो पकडला गेला आणि सुटकेच्या मोबदल्यात त्याला स्कॉटांसाठी कविता करावी लागली.

इथवर झाली लढाई. तुमच्या प्रश्नाचा गाभा पुढे आहे.

युद्ध त्या दिवशी संपलं नाही. इंग्लंडने स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मान्य केलं ते १३२८ च्या तहात, चौदा वर्षांनी. मधल्या काळात स्कॉट टोळ्यांनी उत्तर इंग्लंडची गावं जाळली, खंडण्या उकळल्या. एडवर्ड ब्रूस ऐन दुष्काळात आयर्लंडवर चालून गेला आणि १३१८ मध्ये तिथेच मारला गेला. तिकडच्या शेतकऱ्याला बॅनकबर्नचा वारसा विचारला असता तर त्याने जळालेली गंजी दाखवली असती. हे स्कॉटलंडमध्ये फारसं कोणी बोलत नाही, बोलायला हवं असं माझं मत आहे. शिवाय १३२८ चा तह जेमतेम चार वर्षं टिकला, आणि पुढे हॅलिडन हिल, नेव्हिल्स क्रॉस, १५१३ चं फ्लॉडन अशा भयंकर हारी झाल्या.

मग टिकलं काय? नोव्हेंबर १३१४ मध्ये केंबसकेनेथच्या मठात ब्रूसने संसद भरवली आणि ठराव केला: जे सरदार अजूनही राजाच्या बाजूला आलेले नाहीत त्यांच्या स्कॉटलंडमधल्या जमिनी जप्त. वाचायला रुक्ष वाटतो, पण माझ्या मते लढाईइतकाच हा ठराव महत्त्वाचा आहे. तोवर बडी घराणी दोन डगरींवर पाय ठेवून होती. जमीन इथेही, तिथेही, शपथ ज्याची सरशी त्याला. खून झालेल्या कॉमिनचा मुलगा बॅनकबर्नला इंग्रजांच्या बाजूने लढून मेला. ॲथॉलच्या सरदाराने तर लढाईच्या रात्रीच ब्रूसच्या रसदीवर छापा घातला होता. ती स्कॉटांची आपसातलीही लढाई होती. ठरावानंतर एकच धनी निवडणं भाग पडलं. मोब्रेने ब्रूसला निवडलं. ज्यांनी नाही निवडलं त्यांचे वारस जमिनी परत मिळवायला १३३२ मध्ये फौज घेऊन आले, पण तोवर देश कोणता आणि परका कोण हे ठरून गेलं होतं.

दुसरी गोष्ट १३२० च्या एप्रिलमधली. स्कॉटिश सरदारांनी पोप बाविसाव्या जॉनला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं, ते अर्ब्रोथची घोषणा म्हणून ओळखलं जातं. आमच्यातले शंभर जण जिवंत असेपर्यंत इंग्रजांच्या सत्तेखाली जाणार नाही, हे त्यातलं वाक्य चहाच्या मगवरही छापलेलं दिसतं. मला त्याच्या आधीचं जास्त मोलाचं वाटतं: आमचा हा राजा जर आम्हाला इंग्रजांच्या हाती देऊ लागला, तर त्यालाच हाकलून दुसरा राजा करू. म्हणजे देश राजाहून मोठा. अर्थात ही भाषा सरदारांची आणि पाद्र्यांची होती, भालाइताला कोणी विचारलं नव्हतं. ज्यांच्या मोहरा त्यावर आहेत त्यांतले काही त्याच वर्षी ब्रूसविरुद्धच्या कटात सापडलेही. पण एकदा लिहिलं गेलेलं राहतं. पुढच्या हारींमध्ये राजे पकडले गेले, मारले गेले, तरी देश संपला असं कोणी मानलं नाही.

आणि एक धागा तर विलक्षण आहे. बॅनकबर्नला पकडलेल्या हिअरफर्डच्या बदल्यात ब्रूसची बायको आणि मुलगी मार्जरी आठ वर्षांच्या कैदेतून सुटल्या. मार्जरीचं लग्न वॉल्टर स्टुअर्टशी झालं, त्यांचा मुलगा पहिला स्टुअर्ट राजा. त्याच वंशातला सहावा जेम्स १६०३ मध्ये लंडनला जाऊन इंग्लंडच्या गादीवर बसला. दोन मुकुट एकत्र आले ते स्कॉटिश डोक्यावर.

आजच्या माणसाचं म्हणाल, तर वीस पौंडांच्या क्लाइड्सडेल बँकेच्या नोटेवर ब्रूस आहे, कारण स्कॉटिश बँका आजही आपल्या नोटा छापतात. लंडनमध्ये एका दुकानदाराने ती नोट उजेडात धरून उलटीपालटी केली आणि मला परत दिली. स्टर्लिंगला परतल्यावर शेजारच्या आजोबांना हे सांगितलं, तर ते स्वतःचा अपमान झाल्यासारखे लाल झाले. रग्बीच्या सामन्याआधी एडिनबरोच्या मरेफील्ड मैदानावर जे गाणं म्हणतात त्यात एडवर्डच्या फौजेला घरी धाडल्याची आठवण आहे. ते म्हणताना या आजोबांचे डोळे भरून येत. आणि याच आजोबांनी १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्वातंत्र्याला 'नाही' म्हटलं होतं. लढाईला सातशे वर्षं झाली त्याच वर्षीचं ते सार्वमत. देशभरात ५५ टक्के 'नाही', आणि खुद्द स्टर्लिंग परिसरात जवळपास ६० टक्के. मी त्यांना विचारलं, हे दोन्ही कसं जमतं? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. राहायचं की निघायचं हे आम्हाला विचारलं गेलं ना, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या सुनेने 'हो' म्हटलं होतं, आणि दर २४ जूनला दोघं एकाच गाडीतून रणभूमीवरच्या ब्रूसच्या पुतळ्यापाशी जात.

तुम्ही कधी गेलात तर घोड्यावरच्या ब्रूसचा तो पुतळा बघाच, १९६४ मध्ये बसवलेला आहे. पण तिथूनच परत फिरू नका. दुसऱ्या दिवशीची नेमकी जागा कोणती यावर अभ्यासकांचा वाद आहे, तरी खाली ओढ्यापर्यंत उतरा, कार्सच्या कडेने थोडं चाला आणि मागे वळून किल्ल्याकडे बघा. इतका जवळ दिसतो की दोन-तीन मैल राहिलेत हे पटत नाही. एडवर्डच्या फौजेलाही तो तसाच दिसला असणार. बूट मात्र घोट्याच्या वर बांधता येतील असे घाला.